कोथरूड ते न्यूयॉर्क : दूरच्या विमानतळांमधील अंतर व प्रवासाचा काळ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. भूगोल व गणित यांचा समवाय पाठ. तासिका ३)

पाठाची आवश्यकता

रात्री अंगणात बसलेल्या मुलाला आकाशातून लुकलुकत सरकणारा दिवा दिसतो. तो तारा नव्हे, विमान होय, हे त्यास ठाऊक असते. ते कोठून आले, कोठे चालले, तेथे पोहोचावयास त्यास किती वेळ लागेल, असे प्रश्न त्याच्या मनात उठतात. वर्गात मात्र तो ते क्वचितच विचारतो. कारण वर्गातील भूगोल व आकाशातील दिवा यांचा काही संबंध असेल, असे त्यास वाटत नाही. हा संबंध जोडून देणे हे या पाठाचे पहिले काम होय.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. पुणे शहराच्या पश्चिमेस कोथरूड हे उपनगर आहे. एके काळी ते मळ्याशेतांचे खेडे होते. आज तेथे अशी पुष्कळ घरे आहेत की, ज्यांतील मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत अथवा इंग्लंडात राहते आणि वृद्ध आईबाप वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जाऊन येतात. पौडच्या रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या गावांतूनही आता एखादा तरुण दुबईस, एखादी मुलगी लंडनला गेलेली आढळते. समजा, कोथरूडमधील अशाच एका घरातील आजी जानेवारी महिन्यात लेकीकडे न्यूयॉर्कला निघाल्या. तिकिटावर पुढील मजकूर आहे :

मुंबईहून प्रस्थान : मंगळवार, रात्री १.३०
न्यूयॉर्क येथे आगमन : मंगळवार, सकाळी ६.३०

घरी आजोबा व सहावीत शिकणारा नातू राहिले. नातवाने तिकीट वाचले, साडेसहातून दीड वजा केले आणि सांगितले, "आजोबा, पाच तासांचा प्रवास आहे. सकाळी साडेसहाला आजी पोहोचेल." आजोबा पहाटेपासून टेलिफोनजवळ बसले. साडेसहा वाजले, आठ वाजले, दुपारचे बारा वाजले. फोन येईना. घरात कोणास जेवण गोड लागले नाही. अखेर संध्याकाळी सात वाजता फोन आला. आजी सुखरूप होत्या आणि विमानास एका मिनिटाचाही उशीर झाला नव्हता.

नातवाची वजाबाकी बरोबर होती. चूक एवढीच की, त्याने दोन निराळ्या घड्याळांतील वेळा एकाच घड्याळातील म्हणून वजा केल्या. खेड्यातील कित्येक घरांतून शाळेत जाणारे मूल हेच कागद वाचणारे व हिशेब सांगणारे असते. त्याने सांगितले तेच घरातील माणसे खरे मानतात. म्हणून हा हिशेब त्यास बिनचूक येणे अगत्याचे आहे.

हेतू

१. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन दूरच्या ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावरील सरळ रेषेहून निराळा असतो, हे प्रयोगाने पटविणे.
२. अंतर, वेग व काळ यांचे गणित खऱ्या प्रवासास लावून दाखविणे.
३. रेखांशावरून वेळेतील फरक काढावयास व त्यावरून प्रवासाचा खरा काळ ठरवावयास शिकविणे.

साहित्य

पृथ्वीगोल, तो नसल्यास मोठा चेंडू, कलिंगड अथवा मातीचा वाळलेला गोळा. न ताणला जाणारा बारीक दोरा. जगाचा भिंतीवरील नकाशा. पुठ्ठ्याची दोन घड्याळे. एकावर 'मुंबई' व दुसऱ्यावर 'न्यूयॉर्क' असे लिहावे. गोळा वापरावयाचा असल्यास त्यावर विषुववृत्त, दोन्ही ध्रुव आणि दर ४५ अंशांवरील रेखावृत्ते आदल्या दिवशीच मुलांच्या मदतीने काढून ठेवावीत.

पहिली तासिका : अंतर

प्रथम मुलांकडून नकाशावर मुंबई व न्यूयॉर्क ही शहरे शोधून घ्यावीत. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांश व ७३ अंश पूर्व रेखांश यांवर आहे. न्यूयॉर्क सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांश व ७४ अंश पश्चिम रेखांश यांवर आहे. एका मुलास नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही शहरे जोडावयास सांगावे. शाळांतून लावलेल्या नेहमीच्या चौकोनी नकाशावर ही रेषा अरबस्तान, ईजिप्त व सहारा वाळवंट यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. "विमान याच वाटेने जात असेल काय?" असा प्रश्न विचारून उत्तर न देता पृथ्वीगोल पुढे घ्यावा.

आता दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा घट्ट ताणावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून वायव्येस पाकिस्तान, अफगाणिस्तान व मध्य आशिया यांवरून तो रशियात शिरतो. पुढे फिनलंड, स्वीडन व नॉर्वे यांवरून आइसलँडवर जातो. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो आणि मग न्यूयॉर्कला पोहोचतो. आइसलँडच्या आसपास तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढलेला असतो. मुलांना याचे मोठे नवल वाटते. पश्चिमेकडील गावास जाण्यासाठी उत्तरेकडे कशाला जावयाचे, असे ती विचारतात. येथे घाई न करता प्रत्येक मुलास स्वतःच्या हाताने दोरा ताणून पाहू द्यावा.

गोलावरील सर्वांत मोठ्या वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलाचे दोन समान भाग करणारे प्रत्येक वर्तुळ हे बृहद्‌वृत्त होय. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे. इतर अक्षवृत्ते नाहीत. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग त्यांना जोडणाऱ्या बृहद्‌वृत्तावरून जातो. ताणलेला दोरा हाच मार्ग दाखवितो.

हे अधिक स्पष्ट करण्यासाठी एक सोपा हिशेब फळ्यावर मांडावा. विषुववृत्ताची लांबी सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. ६० अंशांच्या अक्षवृत्ताची लांबी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर भरते. या अक्षवृत्तावर पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूंस असलेली दोन ठिकाणे घ्यावीत. अक्षवृत्तावरूनच चालत राहिल्यास १०,००० किलोमीटर जावे लागेल. उत्तर ध्रुवावरून गेल्यास ३० अंश वर व ३० अंश खाली, असे ६० अंश जावे लागेल. एका अंशास सुमारे १११ किलोमीटर धरले असता हे अंतर ६,६६० किलोमीटर येते. नकाशावर ध्रुवावरून जाणारी वाट वळशाची दिसते, पण पृथ्वीवर तीच जवळची ठरते.

आता अंतर मोजावे. एक दोरा विषुववृत्ताभोवती एकदा गुंडाळून तेवढाच कापून घ्यावा. तो दुमडून निम्मा, पुन्हा निम्मा व पुन्हा निम्मा करावा. तीन घड्यांनी आठ समान भाग होतात. पूर्ण दोरा ४०,००० किलोमीटर, तर एक भाग ५,००० किलोमीटर. घड्यांच्या जागी शाईने खुणा करून हाच दोरा मुंबई ते न्यूयॉर्क ताणावा. तो अडीच भाग लागतो.

५,००० × २½ = १२,५०० किलोमीटर

प्रत्यक्ष हिशेबानेही हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटरच भरते. पृथ्वीगोल लहान असो वा मोठा, ही रीत चालते. फूटपट्टीचीही गरज लागत नाही. नकाशावरील सरळ रेषेने गेल्यास मात्र सुमारे १४,२०० किलोमीटर पडले असते. गोलाचा मार्ग धरल्याने १,७०० किलोमीटरांच्या आसपास बचत होते.

साडेबारा हजार किलोमीटर हा आकडा मुलांच्या कल्पनेत येणे कठीण असते. तो परिचित अंतरात उतरवून द्यावा. कोथरूड ते मुंबईचा विमानतळ हे रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर धरले, तर न्यूयॉर्कपर्यंत अशा सुमारे ८३ खेपा होतील. कोथरूडमधून जाणाऱ्या कर्वे रस्त्यास ज्यांचे नाव आहे, ते महर्षी धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि हिंगण्याच्या आश्रमापासून महाविद्यालयापर्यंत पायी ये-जा करीत. ताशी ५ किलोमीटर व रोज आठ तास चालणारा माणूस दिवसाला ४० किलोमीटर तोडील. मध्ये समुद्र नसता, तर न्यूयॉर्कला पोहोचावयास त्याला किती दिवस लागले असते, हे मुलांनी काढावे. उत्तर सुमारे ३१३ दिवस येते.

दुसरी तासिका : वेग व वारा

मोठ्या प्रवासी विमानाचा वेग वर गेल्यावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. यावरून मुले काळ काढतील :

१२,५०० ÷ ९०० = सुमारे १३ तास ५३ मिनिटे

मग पंधरा-साडेपंधरा तास का लागतात? याची तीन कारणे मुलांकडून शक्य तितकी काढून घ्यावीत.

पहिले कारण : विमान उडताच पूर्ण वेग घेत नाही. वर चढताना व खाली उतरताना वेग कमी असतो. गावाबाहेर पडेपर्यंत एस. टी. सावकाश चालते, त्याप्रमाणेच हे होय.

दुसरे कारण : विमानास दोऱ्याच्या मार्गाने तंतोतंत जाता येत नाही. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाशावर त्या देशाची सत्ता असते. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारताकडील बहुतेक वाहतुकीस बंद होते. २०२२ साली युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो, इंधन अधिक लागते व प्रवासाचा काळ वाढतो. पृथ्वीगोलावरील दोऱ्यास राजकारण ठाऊक नसते. वैमानिकास ते जाणावे लागते.

तिसरे कारण वाऱ्याचे आहे. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर, भूमीपासून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. पश्चिमेस जाणाऱ्या विमानास ते पुष्कळदा विरोध करतात व पूर्वेस येणाऱ्या विमानास हातभार लावतात. नदीत प्रवाहाविरुद्ध व प्रवाहाबरोबर चालणाऱ्या नावेची उदाहरणे मुलांनी सोडविलेली असतात. हे तेच उदाहरण आहे. म्हणून जाताना साडेपंधरा तास व येताना साडेचौदा तास, असा फरक या पाठात धरला आहे. यावरून सरासरी वेग काढवावा : जाताना ताशी सुमारे ८०६ व येताना ताशी सुमारे ८६२ किलोमीटर.

येथे मुलांपैकी एखादे विचारील, "गुरुजी, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेचे गाव आपणच जवळ येत नाही का?" हा प्रश्न चांगला आहे, त्यास हसू नये. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतूनच जाते. धावत्या आगगाडीच्या डब्यात वर फेकलेला चेंडू मागे न राहता हातातच परत पडतो, हे उदाहरण त्यास द्यावे.

तिसरी तासिका : दोन घड्याळे

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणून एका तासात १५ अंश व चार मिनिटांत एक अंश. हे सूत्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. पूर्वेकडील गावी सूर्य आधी उगवतो, म्हणून तेथील घड्याळ पुढे. पश्चिमेकडील गावी तो मागाहून उगवतो, म्हणून तेथील घड्याळ मागे.

मुंबई व न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत ७३ + ७४ = १४७ अंशांचे अंतर आहे. १४७ × ४ = ५८८ मिनिटे, म्हणजे ९ तास ४८ मिनिटे. हा सूर्यावरून येणारा फरक झाला. परंतु प्रत्येक गावाने स्वतःचे निराळे घड्याळ ठेवले, तर आगगाडीचे वेळापत्रकसुद्धा करता येणार नाही. म्हणून देशाची एक प्रमाणवेळ ठरवितात. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशावरून घेतली आहे व ती १९०६ पासून अमलात आली. मुंबईत मात्र त्यानंतरही १९५५ पर्यंत जुनी 'मुंबई वेळ' चालू होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. त्या काळी मुंबईच्या माणसास आपल्याच देशात दोन घड्याळांचा हिशेब ठेवावा लागे.

न्यूयॉर्कची प्रमाणवेळ ७५ अंश पश्चिम रेखांशावरून घेतली आहे. म्हणून :

८२½ + ७५ = १५७½ अंश
१५७½ × ४ = ६३० मिनिटे = १० तास ३० मिनिटे

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात, मार्चमधील दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरमधील पहिल्या रविवारापर्यंत, तेथील लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा होतो. भारतात अशी पद्धत नाही.

आता आजींचे तिकीट फळ्यावर पुन्हा लिहावे आणि दोन मुलांच्या हाती पुठ्ठ्याची घड्याळे देऊन पुढीलप्रमाणे प्रश्नोत्तरे करावीत.

शिक्षक : न्यूयॉर्कला सकाळचे साडेसहा वाजले आहेत. मुंबईच्या घड्याळात किती वाजले?
विद्यार्थी : साडेसहात साडेदहा मिळवावयाचे. सतरा, म्हणजे संध्याकाळचे पाच.
शिक्षक : विमान मुंबईहून केव्हा सुटले?
विद्यार्थी : त्याच दिवशी रात्री दीड वाजता.
शिक्षक : मग आजी किती वेळ विमानात होत्या?
विद्यार्थी : सतरातून दीड वजा. साडेपंधरा तास.
शिक्षक : पाच तास हे उत्तर कोठे चुकले?
विद्यार्थी : गुरुजी, सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची होती आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कच्या घड्याळाची.

शेवटचे उत्तर मुलाच्या तोंडून येईपर्यंत पुढे जाऊ नये. नियम त्यानंतरच लिहावा : प्रथम दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात, मग वजाबाकी करावी.

परतीचा प्रवास याच नियमाने सोडवावा. न्यूयॉर्कहून प्रस्थान बुधवारी दुपारी १२. मुंबई येथे आगमन गुरुवारी दुपारी १. नुसती वजाबाकी केल्यास २५ तास येतात. न्यूयॉर्कचे दुपारचे १२ म्हणजे मुंबईचे बुधवार रात्रीचे १०.३०. तेथून गुरुवार दुपारी १ पर्यंत साडेचौदा तास होतात.

येथे एक पडताळा दाखविण्याजोगा आहे. चुकीच्या रीतीने आलेले दोन आकडे ५ व २५. त्यांची बेरीज ३०. खरे आकडे १५½ व १४½. त्यांचीही बेरीज ३०. जाताना घड्याळातील जेवढा फरक उत्तरातून गळतो, तेवढाच येताना उत्तरात भरतो. जाण्यायेण्याच्या हंगामात घड्याळांतील फरक तोच असेल, तर ही ताळ्याची रीत नेहमी उपयोगी पडते.

घर ते घर

विमानाचा काळ म्हणजे प्रवासाचा संपूर्ण काळ नव्हे. पुण्यास लोहगाव येथे विमानतळ आहे. पण त्याची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची आहे. साडेबारा हजार किलोमीटरांचे इंधन भरलेल्या जड विमानास याहून लांब धावपट्टी लागते. म्हणून कोथरूडचा प्रवासी बहुधा आधी मुंबई गाठतो. पुढील तक्ता मुलांकडून पुरा करून घ्यावा. सर्व वेळा भारतीय घड्याळातील आहेत.

सोमवार, संध्याकाळी ६.०० : कोथरूडहून मोटारीने प्रस्थान
सोमवार, रात्री १०.०० : मुंबई विमानतळ, सामान, पारपत्र व इतर तपासणी
मंगळवार, रात्री १.३० : उड्डाण
मंगळवार, संध्याकाळी ५.०० : न्यूयॉर्क येथे विमान उतरले
मंगळवार, संध्याकाळी ७.०० : तपासणी आटोपून, सामान घेऊन आजी बाहेर आल्या व त्यांनी फोन केला

कोथरूड सोडल्यापासून बरोबर २५ तास झाले. हा तक्ता नातवाने आधी केला असता, तर आजोबा दुपारी जेवून स्वस्थ झोपले असते.

तक्त्यातील आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावे. आपल्याकडे बोलताना दिवस सूर्योदयाने बदलतो. म्हणून रात्री दीडला माणसे अजून सोमवारच म्हणतात. तिकिटावर मात्र तारीख व वार मध्यरात्री बदलतात. 'मंगळवार, रात्री १.३०' याचा अर्थ सोमवारी संध्याकाळी घर सोडावयाचे, असा होतो. मंगळवारी संध्याकाळी निघणारा प्रवासी विमानतळावर पोहोचेपर्यंत त्याचे विमान न्यूयॉर्कला जाऊन उतरलेले असेल.

संकलन

पुढील घटना सांगून त्यांतील काळाची तुलना मुलांकडून करवून घ्यावी.

डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या व ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. हे ५८ दिवस झाले. ५८ × २४ = १,३९२ तास. आजचा विमानप्रवास १६ तासांचा धरल्यास तो या काळाच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतका होतो. त्या वेळी आनंदीबाई अठरा वर्षांच्या होत्या. घरचे पत्र येण्यासही आठवडेच्या आठवडे लागत, हे मुलांना अवश्य सांगावे. म्हणजे टेलिफोनजवळ बसलेल्या आजोबांचा एक दिवस व त्या काळच्या आप्तांचे महिने यांतील अंतर त्यांना उमगेल.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथील मैदानापर्यंत लहान विमान आणले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या थांब्यांनी लंडनला गेले. १९६० साली याच कंपनीची जेट विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली; ती वाटेत लंडनला थांबत. २००७ साली याच कंपनीचा मुंबई-न्यूयॉर्क हा प्रवास वाटेत कोठेही न उतरता सुरू झाला.

उपयोजन

पुढील उदाहरणे मुलांनी सोडवावीत. ताळ्यासाठी उत्तरे दिली आहेत.

१. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. सरासरी वेग ताशी ८०० किलोमीटर. जानेवारीत मुंबईहून दुपारी २ वाजता सुटलेले विमान लंडनला तेथील घड्याळाप्रमाणे केव्हा पोहोचेल? लंडनचे घड्याळ तेव्हा साडेपाच तास मागे असते. (संध्याकाळी ५.३०)

२. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेले विमान तेथे ११.४५ वाजता पोहोचले. प्रवासास खरा वेळ किती लागला? (३ तास १५ मिनिटे)

३. आजी जानेवारीऐवजी जुलैमध्ये गेल्या असत्या आणि विमानास साडेपंधरा तासच लागले असते, तर न्यूयॉर्कच्या घड्याळात किती वाजता उतरल्या असत्या? (सकाळी ७.३०)

४. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरपर्यंत उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून विमान आणले. ते ९ तारखेला रात्री निघाले व ११ तारखेला पहाटे पोहोचले. पण आकाशात ते सुमारे १७ तासच होते. तारखा दोनदा का बदलल्या? सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते, ही सूचना द्यावी. (तेथे ९ तारखेची रात्र असता भारतात १० तारखेची सकाळ झालेली होती, विमान वाटेत असताना भारतात मध्यरात्र उलटली.)

५. कोथरूडचा रेखांश सुमारे ७३.८ अंश पूर्व आहे. तेथे सूर्य माथ्यावर येण्याची सरासरी वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे कोणती? (८२.५ − ७३.८ = ८.७ अंश, सुमारे ३५ मिनिटे, म्हणून १२ वाजून ३५ मिनिटे.) हे उदाहरण सोडवून झाल्यावर शाळेच्या अंगणात काठी उभी रोवून तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते, हे मुलांनी पाहावे. वर्षभरात ही वेळ काही मिनिटांनी पुढेमागे होते. म्हणून निरीक्षण निरनिराळ्या महिन्यांत करून वहीत टिपून ठेवावे.

शिक्षकांसाठी सूचना

घड्याळे पुढे-मागे करण्याचा नियम पाठ करून घेण्याचा मोह टाळावा. 'पूर्वेस मिळवा, पश्चिमेस वजा करा' एवढेच पाठ केलेले मूल परतीच्या प्रवासात हटकून चुकते. त्यास प्रत्येक वेळी दोन घड्याळांची चित्रे काढू द्यावीत. ज्या शिक्षकास स्वतःस हा हिशेब करताना शंका येईल, त्याने ती वर्गापासून लपवू नये. फळ्यावर मुलांबरोबरच तो पडताळून पाहावा. फळ्यावर सुधारलेली चूक मुले विसरत नाहीत.

ज्या घरचे माणूस परगावी अथवा परदेशी आहे, अशी मुले वर्गात असल्यास त्यांच्या घरचीच उदाहरणे घ्यावीत. मात्र घरगुती गोष्टी विचारून त्यांना संकोच वाटेल असे करू नये. गावाचे नाव व प्रवासाची वेळ एवढे पुरेसे आहे. पाठ संपल्यावर प्रत्येक मुलाने घरी जाऊन एका वडील माणसास दोन घड्याळांचा हिशेब समजावून सांगावा आणि त्याने विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात आणावा. तो प्रश्न पुढील तासिकेचा आरंभ म्हणून घ्यावा.